दर्या की दऱ्या

दोन वर्षं ती फक्त माझ्या लॅपटॉपवर चालायची.
काळी खिडकी, पांढरी अक्षरं.
फाईलचं नाव, मग बाण, मग दुसरं नाव,
एंटर.
एकशे चाळीस ओळींची स्क्रिप्ट,
जुन्या फॉन्टमधली मराठी नव्यात आणणारी.

दर बुधवारी छावणीतून बुरहाणपूरकर यायचे,
स्नेहलतागंजात, तीन जिने चढून.
पेन ड्राइव्ह चष्म्याच्या घरात.
त्यांच्या प्रेसमध्ये पंचवीस वर्षांचा मजकूर पडलेला:
लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल,
कोणाकोणाची स्वखर्चाने छापलेली आत्मचरित्रं.
नव्या मशीनवर उघडलं की नुसते कंस, टिंबं,
डॉलरची चिन्हं.

"बाई, चालून राहिलं का?"
चालून राहिलं, काका.
मी त्यांना वेलांटीची गंमत सांगायची:
जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी बसते,
हात काढतो त्या क्रमाने.
नव्यात मागून येते, जीभ म्हणते तशी.
रफाराचं उलटं. कर्जातला र
डोक्यावर चढतो शेवटी, पण उच्चार आधी.
"म्हणजे कर्ज आधी झालेलं असतं,
दिसतं मागून," ते म्हणाले,
आणि स्वतःच हसले, खोकला येईपर्यंत.

एक गोष्ट तिला कधी जमली नाही.
काही टायपिस्टांनी दऱ्यांचा र रफारावरच भागवलेला.
किल्ली सापडली नसेल,
किंवा हिंदी शाळेत शिकलेले.
तिथे ती थांबायची, लुकलुकत,
आणि मी मान वळवून विचारायची,
काका, दर्या की दऱ्या?
ते डोळे मिटून अख्खं वाक्य पुटपुटायचे.
"बडवानीच्या पुढची गोष्ट आहे. दऱ्या."

मग त्यांचे गुडघे.

मग मी तिचं पान करायला घेतलं.
वर चौकोन, खाली चौकोन, मध्ये बटण: बदला.
कंपनीतून आल्यावर, रात्री साडेनऊनंतर,
कीबोर्डात शेवेचे तुकडे.
"चूक, ओळ अठ्ठ्याऐंशी" एवढं मला पुरायचं.
आता लिहावं लागलं:
मजकूर मोठा आहे, कृपया थोडा थोडा टाका.
या वाक्यात एक रविवार गेला.
कृपया काढलं, परत घातलं.
मजकूर साठवायचा नाही, हेही ठरवलं.
लोक काय काय चिकटवतील,
पत्रं असतील, मृत्युपत्रं असतील.
माझ्याकडे फक्त वेळ आणि अक्षरांची संख्या.

पहिल्याच रात्री पान अडकलं.
चक्र फिरतंय, फिरतंय, उत्तर नाही.
दीड तास शोधलं तेव्हा कळलं:
ती दर्यापाशी थांबली होती.
जुनी ओळ तशीच राहिली होती आत,
विचार, आणि उत्तराची वाट बघ.
कुठल्यातरी भाड्याच्या सर्व्हरवर
जिथे ना खुर्ची, ना कीबोर्ड,
ती माझ्याकडे मान वळवून बसली होती.

ती ओळ काढली.
आता शंकेचा शब्द पिवळा होतो,
खाली दोन पर्याय, ज्याचं त्याने बोट ठेवायचं.
बुरहाणपूरकरांना फोनवर पत्ता सांगितला,
एकेक अक्षर, दोनदा.
"तू मग बुधवारी काय करशील?" त्यांनी विचारलं.
मी म्हटलं, झोपेन.

बुधवार. सकाळी अकरा चाळीस.
तीन हजार दोनशे अक्षरं. सात शंका.
पहिल्या सहांना मिनिट-मिनिट लागलं,
इतका वेळ फक्त डोळे मिटणारा माणूस घेतो.
सातवीला अकरा मिनिटं.

अकरा मिनिटं कुठल्या शब्दाला?
फोन हातात घेतला, ठेवला.
साठवायचं नाही, हा नियम माझाच.